पाचटराणी

१

लग्नसराई आली की राजनंदिनीच्या घरात रोज चारपाच लग्नं लागायची, आणि ती सगळी एका टेबलावर. नागापूर एमआयडीसीच्या मागच्या कॉलनीत तिचं घर. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि त्या लॅपटॉपवर ती लग्नपत्रिका जुळवायची. दिल्ली गेटजवळ रामहरीचा छापखाना होता. लोक त्याच्याकडे नावं देऊन जायचे, तो हिला कळवायचा, ही पत्रिका तयार करून मेलने पाठवायची आणि तो छापायचा. पत्रिकेवर ती 'अहिल्यानगर' असं ठसठशीत टाकायची आणि फोनवर रामहरीला 'उद्या नगरात येतेय' म्हणायची. तसं सगळेच करत होते.

तिचा हात कुणी धरू शकणार नाही अशी एक गोष्ट होती. पत्रिकेच्या अगदी खाली, फुगे आणि फुलपाखरांच्या मध्ये, घरातल्या पोरांच्या नावाने एक ओळ असते ना, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' वगैरे, ती ओळ. वधूवरांची नावं चुकली तर लोक एकवेळ सांभाळून घेतात, पण ह्या ओळीत एखाद्या भाच्याचं नाव राहिलं तर लग्नात रुसवेफुगवे ठरलेले. राजनंदिनीच्या हातून आजवर एकही भाचा सुटला नव्हता.

तर अशा ऐन घाईत एका गिऱ्हाइकाला कुठल्यातरी पत्रिकेतलं वळणदार अक्षर हवं होतं. राजनंदिनीने शोधाशोध केली. 'मराठी लग्न फॉन्ट, सगळे फुकट' असं एक पान मिळालं. खाली सूचना होती, की फाइल उघडण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर फॉन्ट दिसणार नाहीत. म्हणजे पाहुणे यायचेत, तर आधी कुत्रं दूर बांधून या, असलाच हा प्रकार. पण घाईत माणसाला सूचना दिसते, सूचनेतलं काळंबेरं दिसत नाही. तिने अँटिव्हायरस बंद केला. पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि मिटली. फॉन्ट काही आला नाही. मेलं नशीब, म्हणून ती पोळ्या करायला उठली आणि विसरून गेली.

काही दिवसांनी, लेकीला, संस्कृतीला, शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून ती टेबलाशी येतेय तोच रामहरीचा फोन आला.

"ताई, त्या लंकाच्या पत्रिकेला कागद कोणता लावू? साधा का चमकीचा?"

"कुणाच्या?"

"लंकाच्या. तुमीच तर पाठवलीय सकाळच्याला. नाव जरा जुन्या वळणाचं हाय, म्हणून ध्यानात राहिलं."

"मला फोटो पाठवा त्याचा," एवढंच राजनंदिनी म्हणाली.

फोटो आला. पत्रिका तिच्याच हातची होती. तोच गणपती, तीच किनार, तेच कलश. चि. सौ. कां. लंका, कै. बिभीषण आणि कै. रंगुबाई यांची कन्या. पुढे पाथर्डी तालुक्यातलं गाव. नवऱ्याच्या नावाची जागा कोरी. विवाहस्थळ म्हणून नागापूरचा पत्ता, ह्याच घराचा. आणि सगळ्यात खाली, फुगे आणि फुलपाखरांच्या मध्ये एक ओळ होती.

'माझ्या आईच्या लग्नाला यायचं हं! – संस्कृती.'

ती टेबलाशी बसली. मेल उघडून पाहिली. पत्रिका तिच्याच पत्त्यावरून गेली होती, आणि ती पाठवली गेली तेव्हा ती आतल्या खोलीत संस्कृतीची वेणी घालत होती.

२

लंका हे राजनंदिनीचंच नाव. म्हणजे, एकेकाळी होतं.

तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. पाथर्डीकडची निम्मी गावं दिवाळीनंतर रिकामी होतात, त्यांतलंच त्यांचं एक. कारखान्याच्या तळावर उसाच्या पाल्याची झोपडी बांधायची, तिला कोपी म्हणतात, आणि उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, खाली अंथरून त्यावर झोपायचं. तशाच एका कोपीत, पाचटावर, ही जन्मली. बापाचं नाव बिभीषण. मुकादम हसून म्हणाला, बिभीषणाला लंका मिळाली. तेच नाव पडलं, आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच चढलं.

लग्न ठरलं तेव्हा सासू, आक्काबाई, पदर तोंडाला लावून हसली होती. "लंका म्हनं! आन् घर पेटलं म्हंजी?" तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, नुसती हौस होती. ताटात तांदूळ पसरले गेले, नवऱ्याने, ओंकारने, अंगठीने त्यात 'राजनंदिनी' लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि लंका तिथेच संपली. पुढे नाव बदलल्याचं गॅझेट झालं, आधार कार्ड बदललं. मग बाप गेला, त्याच्या मागे आई गेली. गावाकडच्या घराला कुलूप लागलं. आता त्या नावाने हाक मारणारं माणूस ह्या पृथ्वीवर उरलं नव्हतं.

पण पहिल्यांदा मेल काढताना मशीनने पासवर्ड मागितला. इथे कुणालाच माहीत नसेल असं काय बरं, असा विचार करता करता बोटांनीच तो टाइप केला. लंका, पुढे बापाचं नाव. मग बँकेला तोच, वीजबिलाला तोच, दिसेल तिथे तोच. वेगवेगळे कोण लक्षात ठेवणार? 'जतन करू का' असं लॅपटॉपने विचारलं की ही 'कर बाबा' म्हणायची. तिचं नाव तोंडाने कुणी घेत नव्हतं, पण तिची बोटं ते रोज घेत होती, आणि पडद्यावर त्याचे नुसते काळे ठिपके उमटत होते. तिला ते आवडायचं. लपवून ठेवलेल्या गुळाच्या खड्यासारखं ते नाव तिचं एकटीचं होतं.

आणि आता ते कुणाच्यातरी हाती लागलं होतं. भीती वाटायच्या आधी तिला लाज वाटली, कुणी अंगावरचं पांघरूण ओढावं तशी.

३

ओंकारचा चुलतभाऊ बजरंग नगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. माणूस बडबड्या, पण कामाचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, लॅपटॉप पुढ्यात घेतला, थोडा वेळ गुणगुणत राहिला आणि मग गुणगुणायचा थांबला.

"वहिनी, फॉन्ट न्हाई उतरवला तुमी. चोर उतरवलाय."

"म्हणजे?"

"हा लई गरीब चोर. काई मोडत न्हाई, काई बंद पाडत न्हाई. जतन केलेले सगळे पासवर्ड उचलतो, पुढं तुमी काय टाइप करताय तेबी टिपत बसतो आन् मालकाला पाठवतो. मग ते फिरत ऱ्हातात, ह्याच्याकडून त्याच्याकडं."

"पण मी काल लगेच बदलला पासवर्ड," ती म्हणाली.

"कशावर बदलला?"

"ह्याच्यावरच."

बजरंगने कपाळाला हात लावला. "म्हंजी चोराला जवळ बसवून नवी किल्ली घडवली की!"

ओंकार हसला. राजनंदिनीला हसू आलं नाही. बजरंगने मग तिच्या फोनवरून सगळं नव्याने करायला लावलं. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, लांबलचक, ज्यात नाव नाही, गाव नाही, बाप नाही. शिवाय दुसरी कडी, म्हणजे नुसत्या पासवर्डवर कुणी आत येऊ नये, फोनवर विचारणा यावी. सायबर पोलिसांकडे तक्रारही टाकली. ती एकेक खातं आठवून सांगत होती, तो बदलून घेत होता. प्रत्येक वेळी तिच्या मनात काहीतरी बारीकसं तुटत होतं. तांदळाच्या ताटानंतर तिचं नाव आज दुसऱ्यांदा पुसलं जात होतं, आणि ह्या वेळी ती ते स्वतःच्या हाताने पुसत होती.

"आता सगळीकडून लॉगआउट," बजरंग म्हणाला. "नुसता पासवर्ड बदलून भागत न्हाई. जो आदीच आत शिरलाय, तो आतच बसून ऱ्हातो. त्याला भाईर काढावा लागतो."

फोनवर यादी उघडली. तिच्या खात्यात आता कोण कोण आहे, ते दाखवणारी. एक तिचा फोन. दुसरा एक लॅपटॉप, जागा नागापूर, 'आत्ता सुरू'.

"हा आपलाच," ती म्हणाली.

बजरंगने पायाशी पाहिलं. लॅपटॉप त्याने मघाशीच बंद करून पिशवीत घातला होता. त्याने मान खाजवली. "जुनं दाखवत असंल," म्हणाला, आणि बाहेर काढायचं बटण दाबलं. ती ओळ गेली.

पत्रिकेचं कोडंही त्याने चुटकीसरशी सोडवलं. गॅझेटच्या वेळी शाळेचा दाखला मेलवर पाठवला होता का? होता. त्यात जुनं नाव, आईबाप, गाव सगळं होतं का? होतं. पत्रिकांच्या फाइली मेलमध्ये होत्याच. "मग झालं तर! कुन्या टवाळानं भ्या दाखवलं." सगळं पटण्यासारखं होतं. राजनंदिनीने ते पटवूनही घेतलं.

"पण संस्कृतीचं नाव?" तिने विचारलं. बाकी काही गेलं तरी चालेल, असं तिच्या त्या विचारण्यात होतं.

बजरंग जरा गंभीर झाला. "पोरीसंगं एक शब्द ठरवून ठिवा, वहिनी. कुनीबी न्यायला आलं, आईनं पाठवलंय म्हणलं, तर तिनं आदी शब्द विचारायचा. कुठं लिहायचा न्हाई, टाइप करायचा न्हाई. मलाबी सांगायचा न्हाई."

लॅपटॉप कोरा करून देतो म्हणून तो घेऊन गेला.

४

शब्द शोधायला राजनंदिनीला वेळ लागला नाही.

तिने फोन पुढच्या खोलीत टेबलावर ठेवला, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि वरणभात खाणाऱ्या संस्कृतीच्या कानाशी तोंड नेलं.

"पाचटराणी."

संस्कृती खुदकन हसली. "म्हणजे काय?"

"म्हणजे मी."

तिच्या बापाचा तो शब्द. संध्याकाळी फडातून घामाने थबथबून यायचा, कोपीत वाकून बघायचा आणि म्हणायचा, "काय चाललंय आमच्या पाचटरानीचं?" बाहेर चारचौघांत कधी नाही. आईनेसुद्धा त्या नावाने कधी हाक मारली नाही. ते ना दाखल्यावर होतं ना गॅझेटात. ओंकारलाही ते तिने सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायला गेलं की रडू येई. आजवर कुठल्या कळफलकावर ते उमटलं नव्हतं. सगळीकडून नाव पुसून झाल्यावर एक तरी जागा हवी होती तिला, जिथे लंका ठेवावी. तिने ती पोरीच्या कानात ठेवली.

"कुणीही न्यायला आलं तरी हा शब्द विचारायचा."

"बाबा आले तरी?"

"बाबांनाही."

"आणि तूच आलीस तर?"

राजनंदिनी हसली. "मी आले तरी विचारायचा. बरोबर सांगितला तरच बरोबर यायचं."

त्यानंतर काही दिवस सुखाचे गेले. लॅपटॉप नसल्याने काम बंद होतं, म्हणून तिने कुरडयांचा घाट घातला. मार्चचं ऊन चांगलंच तापलं होतं. एके सकाळी गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घालून ती घामाघूम होऊन खाली आली, तर आक्का पलंगावरून म्हणाली,

"नंदे, सकाळधरनं टकटक चाललीय. जरा पाठ टेक की."

"कसली टकटक, आक्का?"

"टायपिंग की. दुसरं काय करतीस तू त्या खोलीत?"

"मी गच्चीवर होते. आणि लॅपटॉप बजरंगभावजींकडे आहे."

आक्काने तिच्याकडे बघितलं. "मग म्या काय ऐकलं? ती तुजी मधली लांबडी कळ करकर करती, तीबी ऐकली की."

लॅपटॉपची स्पेसची कळ सैल होती. प्रत्येक शब्दानंतर ती करकरायची. राजनंदिनी पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. खोली उन्हाने भरलेली होती. टेबल रिकामं. शेजारच्या ताई शिवणकाम करायच्या, त्यांच्या मशीनचा आवाज असणार. आक्काचं वय झालं. पडद्याआडून वारा येत होता. इतकी कारणं सापडली की तिला त्यांचाच संशय यायला लागला.

मग तिने टेबलाकडे नीट पाहिलं. एमआयडीसीची धूळ ह्या कॉलनीत कुणाला सोडत नाही; दोन दिवस फडकं नाही फिरलं तर बोटाने नाव लिहावं इतकी बसते. टेबलावर ती बसलेली होतीच. फक्त लॅपटॉपच्या जागी लखलखीत चौकोन होता, आणि खुर्ची मागे सरकवलेली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. तिने फडकं आणलं आणि सगळं टेबल खसाखसा पुसून काढलं.

५

सकाळची शाळा होती. दुपारी बारा वाजून गेले की व्हॅन कॉलनीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायची. त्या दिवशी हॉर्न आला नाही. राजनंदिनीने वाट पाहिली, ताट वाढून ठेवलं, पुन्हा वाट पाहिली आणि व्हॅनवाल्याला फोन लावला.

"ताई, तुमीच तर शाळेच्या ॲपवर टाकलं ना, आज आई स्वतः नेणार म्हणून?"

शाळेचं ॲप!

ॲडमिशनच्या वेळी एकदाच उघडलेलं खातं. बजरंगपुढे सगळी खाती आठवून सांगितली, वीजबिलाचंही सांगितलं, आणि पोरीचंच विसरली. त्याला अजून तोच पासवर्ड होता. लंका, पुढे बापाचं नाव.

ती पायांत काही न घालता धावली. रिक्षात बसली तेव्हा तळवे भाजल्याचंही तिला कळत नव्हतं. ओंकार पहिल्या पाळीला, कारखान्यात फोन बाहेर ठेवावा लागतो, त्याचा फोन लागेना. शब्द आहे, ती स्वतःला बजावत होती. पोरगी शब्द विचारेल. खात्यात शिरला असेल तो, पण शब्द त्याला ठाऊक नाही. पोरगी हुशार आहे, ती जाणार नाही, फाटकाशी उभी असेल रडत.

फाटकाशी कुणीच नव्हतं. वॉचमन खुर्चीवर बसून डबा उघडत होता. तिला बघून तो उठला.

"काय मॅडम, काई राहिलं का?"

"संस्कृती कुठे आहे?"

"असं कसं इचारता? आत्ताच तर नेली तुमी."

"मी?"

वॉचमन हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून मधेच थांबला. त्याने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "तुमीच हुत्या, मॅडम. रोजची वळख हाय आपली. पोरीनं लई गंमत केली, म्हनून तर ध्यानात हाय. सख्ख्या आईला म्हनली, आदी शब्द सांग! मला हसू आलं. तुमी खाली वाकल्या, तिच्या कानात काईतरी बोल्ल्या, मग ती हसली आन् हात धरून गेली."

"शब्द सांगितला?"

"सांगितला की. सांगितल्याबिगर ती हलतीय व्हय!" त्याला आता घाम फुटला होता. "साडी तेवढी येगळी हुती. पिवळी. हळदीच्या नवरीची असती तशी."

राजनंदिनीने फाटकाचा गज धरला. गज तापलेला होता, तरी सोडवेना. तो शब्द तिने आयुष्यात एकदाच उच्चारला होता, बंद दाराआड, पोरीच्या कानात. लॅपटॉप नगरात होता, फोन दुसऱ्या खोलीत. दाखल्यातून उचलला म्हणावा तर दाखल्यात तो नाही. बाप जाऊन किती वर्षं झाली! चोर काय काय चोरतो, ते बजरंगने नीट समजावून सांगितलं होतं. पण जे कुठे टाइपच केलं नाही, ते कुणी कसं चोरेल?

आणि चोरलं नसेल, तर?

त्या विचारासरशी तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःचा वाटला नाही. तिने आक्काला फोन लावला. आक्काने तो उचलला.

"आक्का, संस्कृती..."

"ये बाई, आतल्या खोलीतनं फोन कशाला करतीस? म्या शेजारी हाय, कुरडया बघाया आलीय. आत्ता तर तुमी दोगी माज्यासमोरनं घरात गेल्या. आन् आज पिवळं लुगडं काय काढलंस गं? कुनाची हळद हाय?"

६

घराच्या रस्त्यावर भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. आक्का शेजारच्या ओट्यावर बसली होती. रिक्षातून उतरणाऱ्या सुनेला तिने पाहिलं, मग घराच्या बंद दाराकडे पाहिलं, मग पुन्हा सुनेकडे. तिच्या हातातली कुरडई खाली पडली.

राजनंदिनी ओट्यावर चढली. उंबऱ्याशी तांदूळ सांडले होते. माप आडवं पडलं होतं, तोंड घराच्या आत करून, नव्या नवरीने पायाने लवंडावं तसं. तांदळाची धार दाराच्या फटीखालून आत गेली होती. तिने कडी वाजवली. दार आतून लावलेलं होतं.

आणि आतून टकटक येत होती. भराभर, सराईत बोटांची. प्रत्येक शब्दानंतर ती ओळखीची करकर.

ती खिडकीकडे वळली. पडदा ओढलेला होता, पण कडेला बोटभर फट राहिली होती. त्या फटीतून तिला दिसली पिवळ्या पदराची कड. मग एक हात, मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्यांनी चरे पडलेला, जसा तिच्या आईचा होता, जसा तिचाही झाला असता. आणि बोटं. रिकाम्या टेबलावर, नुसत्या लाकडावर, ती टाइप करत होती.

तिला पुढचं बघवेना. ती दाराकडे धावली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली.

टकटक थांबली.

आतून चिमुकली पावलं आली. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, संस्कृतीचा श्वास ऐकू आला. पोरगी धडधाकट होती. राजनंदिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"कोण आहे?"

"मी. मी आहे बाळा, आई. दार उघड. लवकर उघड, माझी राणी."

मग, जसं शिकवलं होतं अगदी तसं, शहाण्यासारखं,

"आधी शब्द सांग."

राजनंदिनीने ओठ दाराच्या फटीला लावले. रडू आवरत, बापाने जसा म्हणावा तसा, तिने तो सांगितला.

"पाचटराणी."

कडीला हात लागल्याचा आवाज झाला. लागला, आणि थांबला. पावलं दारापासून मागे वळली.

"आई," संस्कृती आत कुणालातरी म्हणाली, "हिलापण शब्द माहितीये."

खुर्ची सरकली. पदराची सळसळ दारापर्यंत आली. आणि राजनंदिनीचाच आवाज, जरा पाथर्डीकडच्या वळणाचा, मायेने म्हणाला,

"आसू दे, बाळा. आपुन शब्द बदलून टाकू."